आरटीएक्स ३०५० आणि उबुंटू, जळगावच्या उन्हाळ्यासकट: वापरानंतरचा अनुभव

आधी मशीन. १५.६ इंची लॅपटॉप, रायझन ५ ५६००एच, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड (४ जीबी) आणि वर उबुंटू २४.०४, म्हणजे लिनक्सचं एक वितरण (तयार संच). विंडोज ठेवलेलंच नाही. काम तीन प्रकारचं: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले रेंडर (अंतिम चित्रं तयार करणं), केळीच्या पानांच्या फोटोंवरून करपा ओळखणारं मॉडेल ट्रेन करणं आणि अधूनमधून व्हिडिओ. कापसाचा एक हंगाम आणि एक अख्खा उन्हाळा या मशीनने जळगावात काढलाय. लॅपटॉपच्या कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक मशीनची आतली जोडणी सारखीच असते आणि खालचं जवळपास सगळं त्यांनाही लागू पडतं.

निकाल आधीच सांगून टाकतो: लिनक्सवर कार्ड चालवणं आता अवघड राहिलेलं नाही. काम नसताना त्याला झोपवणं अवघड आहे. बॅटरी टिकत नाही, मांडी भाजते, पंखा घोंगावतो, या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा जागं राहिलेलं कार्डच असतं.

अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन असतात. स्क्रीन जोडलेली असते प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला. मोठं कार्ड मागे बसून चित्र तयार करतं आणि त्याच्या हवाली करतं. ड्रायव्हरच्या ४३५ मालिकेपासून, म्हणजे २०१९ पासून, हे ‘प्राइम रेंडर ऑफलोड’ एनव्हिडियाच्याच ड्रायव्हरमध्ये आहे. त्यामुळे बंबलबी, ऑप्टिरन असली कार्ड बदलण्याची आधीची साधनं सांगणारे जुने लेख सरळ सोडून द्या. ते पाळून बिघडवलेली मशीन अजूनही दुरुस्तीला येतात.

ड्रायव्हर ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून किंवा ‘उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ या कमांडने घ्या. एनव्हिडियाच्या साइटवरची ‘डॉट रन’ फाइल घेऊ नका. ती पॅकेज मॅनेजरला न विचारता फाइली टाकते आणि पुढच्या अपडेटला घोळ होतो. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर मशीन सुरू होताना रोखणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड मागितला जातो. रीबूटनंतर निळी स्क्रीन येते, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ही स्क्रीन थोडाच वेळ थांबते. ती हुकली की ड्रायव्हर दिसतो पण लोड होत नाही, आणि एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) म्हणतं की ड्रायव्हरशी बोलता येत नाही. ‘कार्ड खराब आहे’ म्हणून दुकानात परत आणलेल्या लॅपटॉपचं दुखणं कितीतरी वेळा एवढंच असतं. फेडोरा या दुसऱ्या वितरणावर आरपीएम फ्युजन या बाहेरच्या भांडारातलं एकेमॉड पॅकेज असतं. तिथे इन्स्टॉल संपल्याबरोबर रीबूट न मारता पाचेक मिनिटं थांबा, मागे मॉड्यूल (कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, बसणारा ड्रायव्हरचा भाग) बांधलं जात असतं. ‘मॉडइन्फो’ कमांडला एनव्हिडियाची आवृत्ती दिसू लागली की मगच रीबूट.

दुसरी नेहमीची रड: सकाळपर्यंत चालणारं कार्ड दुपारी ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ म्हणतं. मागच्या मागे अपडेट आलेलं असतं. लायब्ररी नवी, कर्नलमधलं मॉड्यूल जुनं. रीबूट करा, संपलं. फ्लॅटपॅकची (सगळं सोबत बांधून येणाऱ्या पॅकेजची) ॲप्स वापरत असाल तर ड्रायव्हर बदलल्यावर ‘फ्लॅटपॅक अपडेट’ही चालवा. त्यांना त्याच आवृत्तीची वेगळी जीएल (ग्राफिक्सची) लायब्ररी लागते. ती नसेल तर ॲप उघडतं, पण सगळा भार प्रोसेसरवर येतो.

आता झोपेचं. उबुंटूवर ‘प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ (मोठं कार्ड गरजेपुरतंच वापरायचं सेटिंग) ठेवायचं. ३०५० आणि त्यापुढच्या कार्डांना काम नसताना वीज पूर्ण तोडण्याची सोय ड्रायव्हर आपणहून चालू करतो. त्याआधीच्या ट्युरिंग पिढीला, म्हणजे १६५० किंवा २०६० ला, मोडप्रोबच्या (मॉड्यूलच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये डायनॅमिक पॉवर मॅनेजमेंटची किंमत ०x०२ लिहून द्यावी लागू शकते. १०५० आणि १०५० टीआयला ही सोयच नाही.

कार्ड झोपलंय का, हे एनव्हिडिया-एसएमआय चालवून बघू नका. ती कमांडच कार्डाला उठवते आणि मग कार्ड जागं असल्याचं सांगते! विचारायचं ते कर्नलला. सिस फोल्डरात बस, पीसीआय, डिव्हाइसेस या वाटेने कार्डाच्या पत्त्यावर जा (बहुतेक ठिकाणी तो ००००:०१:००.० असतो, एलएसपीसीआय ही कमांड नक्की सांगेल) आणि तिथल्या पॉवर फोल्डरमधली ‘रनटाइम_स्टेटस’ फाइल वाचा. ‘सस्पेंडेड’ म्हणजे झोपलंय. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे कुणीतरी जागं ठेवलंय.

हा ‘कुणीतरी’ बहुधा वरच्या पट्टीत तापमान दाखवणारं एक्स्टेन्शन असतो. दर दोन-तीन सेकंदांनी ते एनव्हिडिया-एसएमआयला हाक मारतं आणि कार्डाचा डोळा लागूच देत नाही. तापमान कमी राहावं म्हणून लावलेलं हे आकड्याचं खेळणं स्वतःच तापमान वाढवतं. पहिल्यांदा तेच काढा. त्यानंतर संशयित कार्डाचा ऑडिओ. एचडीएमआयच्या आवाजासाठी त्याच पत्त्यावर शेवटी .१ असलेलं वेगळं डिव्हाइस असतं. त्याच्या पॉवर फोल्डरमधल्या ‘कंट्रोल’ फाइलीत ‘ऑन’ असेल तर कार्ड झोपणार नाही, ‘ऑटो’ हवं. मग काही ॲप्स. जीटीके (ॲपच्या खिडक्या काढणारी लायब्ररी) ४.१६ पासून वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवर बरीच साधी ॲप्स वल्कन या ग्राफिक्स इंटरफेसने चित्र काढतात. उघडताना सगळी कार्डं तपासतात, त्यात झोपलेलंही उठतं आणि साधी सेटिंग्जची खिडकी उघडायला सेकंद-दोन सेकंद जातात. उबुंटू २४.०४ वर जीटीके जुनं असल्याने हा त्रास नाही. नव्या वितरणांवर जीएसके_रेंडरर हे व्हेरिएबल ‘एनजीएल’ करून ठेवलं की थांबतो. नेमकं कोण धरून बसलंय ते ‘एफयूझर -व्ही’ कमांडला डेव्ह फोल्डरातल्या एनव्हिडियाच्या फाइली देऊन कळतं.

फरक किती पडतो? अर्धी ब्राइटनेस, वायफाय चालू, ब्राउझर आणि टर्मिनल उघडे, कार्ड झोपलेलं: पॉवरटॉप (विजेचा वापर दाखवणारं साधन) ८–९ वॅट दाखवतो. तेच सगळं, फक्त कार्ड नुसतं जागं, काम शून्य: १५ वॅटच्या पुढे. ५० वॅट-तासांच्या आसपासच्या बॅटरीत याचा अर्थ साडेपाच तास की तीन-सव्वातीन, असा होतो. लोडशेडिंगच्या दुपारी हा फरक कळतो.

बाहेरचा मॉनिटर हे न सुटणारं दुखणं आहे. या लॅपटॉपचा एचडीएमआय थेट मोठ्या कार्डाला जोडलेला आहे, म्हणजे मॉनिटर लावला की कार्ड जागंच. कोणतंही सेटिंग हे बदलत नाही, ती तारांची जोडणी आहे. काही मशीनमध्ये यूएसबी-सीचा डिस्प्ले छोट्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. तसं असेल तर मॉनिटर तिथेच लावा. सिस फोल्डरात क्लास, डीआरएममध्ये यादी पाहिली की कुठल्या कार्डाखाली कुठलं पोर्ट आहे ते नावासकट दिसतं.

एखादं ॲप मोठ्या कार्डावर चालवायचं असेल तर ग्नोममध्ये (उबुंटूच्या डेस्कटॉपवर) आयकॉनवर उजवं क्लिक करून ‘डिस्क्रीट ग्राफिक्स कार्ड’चा पर्याय घ्या, किंवा तुमच्या वितरणात असेल तर टर्मिनलमधून ‘प्राइम-रन’. ब्राउझर मात्र कधीच नको. व्हिडिओ उलगडायला छोटं ग्राफिक्स पुरतं.

उन्हाळ्याकडे येऊ. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत संध्याकाळीही ३८–४० असतो. अशा मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड यांच्या उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या एकच असतात, एक तापला की दुसराही तापतो. लांब रेंडरला कार्ड ८७ अंशांच्या आसपास पोचतं आणि स्वतःच वेग कापतं. वेग कापला जाणारच आहे, तर तो आपण आधीच कापावा. लॅपटॉपवर वॅटची मर्यादा लावणारा एनव्हिडिया-एसएमआयचा ‘-पीएल’ पर्याय नव्या ड्रायव्हरवर चालत नाही. ‘-एलजीसी’ चालतो. त्याला ३०० आणि १४०० हे आकडे दिले की कार्ड १४०० मेगाहर्ट्झच्या वर जात नाही. व्होल्टेजही उतरतं, तापमान आठ-दहा अंशांनी खाली येतं आणि रेंडरला वेळ थोडाच जास्त लागतो. ‘-आरजीसी’ने मर्यादा निघते, रीबूटनंतरही निघते, त्यामुळे कायम हवी असेल तर सिस्टमडीची (मशीन सुरू होताना आपोआप चालणारी) छोटी सर्व्हिस लिहून ठेवा. जोडीला प्रोसेसरचा बूस्ट बंद करा: सिस फोल्डरातल्या सीपीयूफ्रेकच्या (प्रोसेसरच्या वेगाच्या) ‘बूस्ट’ फाइलीत शून्य. रेंडर कार्डावर चालू असताना प्रोसेसरने ४ गिगाहर्ट्झवर धावून काही मिळत नाही.

थंडीत याच्या उलट करायचं. एनव्हिडिया-पॉवरडी नावाची सर्व्हिस प्रोसेसरचे न वापरलेले वॅट कार्डाकडे वळवते. काही वितरणांवर ती बंदच असते आणि लोक ‘विंडोजपेक्षा लिनक्सवर गेम हळू’ म्हणत बसतात. चालू करून बघा.

कूलरसमोर लॅपटॉप ठेवण्याचा मोह होतो. खान्देशातल्या कोरड्या हवेत कूलर खोलीचं तापमान छान उतरवतो आणि लॅपटॉपलाही त्याचा फायदा होतो, पण थेट झोतात नको. बोअरच्या जड पाण्याचे बारीक थेंब आत गेले की पंख्याच्या पात्यांवर आणि फिन्सवर (उष्णता बाहेर सोडणाऱ्या पातळ पत्र्यांवर) पांढरे क्षार बसतात. चार-पाच फूट बाजूला ठेवा आणि मागची बाजू अर्धा-एक इंच उचला. खालच्या जाळीला हवा मिळणं हे दीड-दोन हजारांच्या कूलिंग पॅडइतकंच काम करतं.

खरा शत्रू मात्र कापूस. धरणगाव, चोपडा किंवा जिनिंगच्या आसपास कुठेही राहत असाल तर हंगामात हवेतले तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि पंखा व फिन्स यांच्या मधल्या फटीत साचतात. तिथे नमद्यासारखा घट्ट, करडा पट्टा तयार होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, टॉर्च मारला तरी काही दिसत नाही, आणि जाळीतून ब्लोअर मारला तर पट्टा फिन्समध्ये आणखी घुसतो. खालचं झाकण उघडा, पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढा, पंख्याचे दोन-तीन स्क्रू सोडवून तो उचला आणि पट्टा चिमट्याने एका तुकड्यात ओढून काढा. मग ब्लोअर, तोही पातं बोटाने धरून. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं. हंगाम संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा, एवढं पुरतं. थर्मल पेस्ट दर वेळी बदलायची गरज नाही, हीटसिंक उचलला तरच.

कामाचं. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘सिस्टम’खाली कुडाऐवजी ऑप्टिक्स (दोन्ही एनव्हिडियाच्याच, कार्डावर हिशेब करण्याच्या पद्धती) निवडा, आरटीएक्सवर ते सरस आहे. रेंडर थेट व्हिडिओत काढू नका. एकेक फ्रेम पीएनजीत काढा आणि शेवटी एफएफएमपेग या कमांडने जोडा. वीज गेली की कार्डाचे वॅट बॅटरीवर निम्म्याच्या खाली येतात आणि बॅटरी तासाभरात झोपते. फ्रेम वेगळ्या असतील तर नुकसान एकाच फ्रेमचं. मॉडेल ट्रेन करतानाही प्रत्येक इपॉकला (सगळ्या फोटोंच्या एका फेरीला) चेकपॉइंट (तोवरचं काम जपून ठेवणारी फाइल) हवाच. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर १५०–१८० वॅटचा चार्जर गुणगुणतो. साइन वेव्ह असेल तर बरं.

मॉडेल ट्रेन करायच्या पायटॉर्च लायब्ररीसाठी कुडा टूलकिट वेगळं टाकायची गरज नाही. पिप या पायथनच्या इन्स्टॉलरचं पॅकेज स्वतःचं कुडा घेऊन येतं, सिस्टमवर फक्त ड्रायव्हर हवा. ४ जीबीत रेझनेट-५० हे फोटो ओळखणारं मॉडेल २२४ पिक्सेलच्या फोटोंवर, मिक्स्ड प्रिसिजनने (काही आकडे कमी बिटांत ठेवून), एका वेळी १६–३२ फोटोंच्या बॅचमध्ये आरामात बसतं. फोटोतली वस्तू शोधणाऱ्या योलोची नॅनो आणि स्मॉल मॉडेलंही. पानावरचे करपाचे ठिपके लहान असतात म्हणून पिक्सेल वाढवायला गेलात की मेमरी संपते. तेव्हा मोठा फोटो चौकटींत कापून द्या. विंडोजचा ड्रायव्हर अशा वेळी रॅममधून उसनी मेमरी देतो, लिनक्सवर सरळ ‘आउट ऑफ मेमरी’. भाषेची मॉडेलं चालवायची असतील तर चार बिटांत आवळलेलं ३–४ अब्ज पॅरामीटरचं बसतं, ७–८ अब्जांचं पूर्ण बसत नाही. आणि लॅपटॉप झोपून उठल्यावर ओलामा (भाषेची मॉडेलं चालवणारं सॉफ्टवेअर) कार्ड सोडून प्रोसेसरवर चालू लागलं, तर एनव्हिडिया_यूव्हीएम हे मॉड्यूल काढून परत लोड करा.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी आधी हे वाचा: दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ (कॅमेऱ्यांचा नेहमीचा व्हिडिओ प्रकार) उघडत नाही, आणि एएसी आवाज पैसे भरलेल्या आवृत्तीतही नाही. कॅमेऱ्यातली प्रत्येक फाइल आधी डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या प्रकारात बदलावी लागते आणि ती कितीतरी पटींनी फुगते. केडेनलाइव्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर चालतं, कार्डातली व्हिडिओ बनवायची सोय एनव्हीएन्क वापरून एक्स्पोर्टही पटापट होतो. पण रिझॉल्व्हच हवं असेल तर हे मशीन तुमच्यासाठी नाही.

झाकण मिटून झोपवणं बरं चालतं. उठल्यावर चित्र फाटत असेल तर ड्रायव्हरच्या ‘प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी ॲलोकेशन्स’ या सेटिंगची किंमत १ करा, एनव्हिडियाच्या सस्पेंड व रिझ्यूम सर्व्हिस चालू आहेत का बघा, आणि तात्पुरत्या फाइलींचा पत्ता ‘व्हार’मधल्या ‘टीएमपी’चा द्या. तुमच्या वितरणात साधं टीएमपी रॅममध्ये असेल तर कार्डाची मेमरी पुन्हा रॅममध्येच जाऊन बसते.

नवीन घेत असाल तर ४ जीबीवर जाऊ नका, ६ जीबीचं ४०५० बघा. त्यात एव्ही१ (नवा व्हिडिओ प्रकार) एन्कोडही आहे. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे १०५० आणि १०५० टीआयचे लॅपटॉप लिनक्ससाठी टाळा. ते कार्ड पूर्ण झोपत तर नाहीच, वर ५८० ही त्यांना चालणारी शेवटची ड्रायव्हर मालिका आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटला जाताना उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात ठेवा आणि पैसे देण्याआधी दहा मिनिटं मागून घ्या. डीआरएमच्या यादीत एचडीएमआय कुणाकडे आहे, यूएसबी-सीवर डिस्प्ले येतो का, वायफाय ओळखलं जातं का आणि झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, एवढं तिथेच बघून होतं. पेनड्राइव्ह लावू न देणाऱ्या दुकानातून उठून शेजारच्या दुकानात जा.