साडेचारशेचं गेज आणि अडतीस हजारांचं किट: एक्सपल्स २०० फोर-व्ही, वेल्ह्याच्या मातीत

आधीच सांगतो, मी काही रेसर नाही. वय ४३, उंची ५ फूट ५, वजन ८४ किलो. हेल्मेट, बूट आणि गुडघ्याचे गार्ड चढवले की काटा नव्वदीच्या पुढे. नोकरी भोसरीत, टूलरूमला. ज्यांना उड्या मारायच्यात त्यांनी यूट्यूबवर जावं. ज्यांना रविवारी डांबर सोडून खाली उतरायचंय, पण सोमवारी पहिली पाळीही गाठायचीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गाडी हिरो एक्सपल्स २०० फोर-व्ही, २०२२ ची. सेकंडहँड घेतली, त्याला आता दीड वर्ष झालं. माझ्या हातून अकरा हजार किलोमीटर झाले असतील, त्यातले निम्मे ऑफिसचे. पहिली एक्सपल्स २०१९ ला आली, मग २०२१ च्या ऑक्टोबरात चार व्हॉल्व्हचं डोकं बसलं आणि ताकद १९.१ पीएस झाली. हायवेवर ८०-८५ ला मला बरं वाटतं, त्यापुढचं मी मागत नाही. १९ पीएसकडून अजून काय मागणार? वजन १५८ किलो, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, सीट ८२५ मिलिमीटर. माझा एक पाय पुरता टेकतो, दुसऱ्याचा चवडा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या गाडीच्या मालकाला एक प्रश्न सुटत नाही: रॅली किट (गाडी उंच करणारं, लांब चालीचं सस्पेन्शन) घ्यायचं का? आमच्या चौघांत धाकटा म्हणून एक आहे (वयाने ३१, पण नाव पडलं ते पडलं). त्याच्याकडे आधीची दोन व्हॉल्व्हवाली एक्सपल्स आहे. २०१७ पासून हिरोची टीम डाकारला जाते, तिचे व्हिडिओ बघून बघून त्याने किट बसवलं. २०२० ला ते आलं तेव्हा ३८ हजारांचं होतं. सस्पेन्शनची चाल, म्हणजे चाक वर-खाली किती मिलिमीटर हलतं ते, पुढे १९० ची २५० होते, मागे १७० ची २२०, आणि जमिनीपासूनची उंची २२० वरून २७५ वर जाते. कागदावर हे वाचलं की तोंडाला पाणी सुटतं. माझंही सुटलं होतं. पैसे बाजूला काढून ठेवले होते, बायकोला ‘गाडीचं मोठं काम निघालंय’ असं सांगूनही झालं होतं. धाकटा म्हणाला, आधी एक दिवस माझी चालवून बघ.

डिसेंबरातला शेवटचा रविवार. सकाळी सहाला खानापूरला चहा, पाबे घाट चढून पलीकडे वेल्ह्याच्या अंगाला. डॉक्टर (गुरांचे) हिमालयन ४११ वर. ती दोनशेला एक किलो कमी, पण डॉक्टर स्वतः एकशेपाच, त्यामुळे त्यांना कशाचंच काही वाटत नाही. मामा त्यांच्या जुन्या इम्पल्सवर. मामांबद्दल वेगळं लिहायला हवं. वय ५७, गाडी १३४ किलोची, दीडशे सीसी, आणि सगळीकडे ते आमच्या आधी पोचून तंबाखू मळत बसलेले असतात.

ज्यांच्या खाचरांच्या कडेने जायचं होतं त्या काकांना आधी विचारलं. भात निघून गेलेलं, पण ‘वरच्या दोन वाफ्यांत वाल पेरलाय, बांधावरनं जाऊ नका, वढ्याकडनं जावा’ म्हणाले. कुठे जाताय हेही त्यांनी विचारलं नाही, फक्त धाकट्याच्या गाडीकडे बघून ‘ही यवढी उंच कशापायी?’ एवढंच. किल्ल्यांच्या वाटा आणि वनखात्याचं जंगल आम्ही सोडतो. बैलगाडीच्या जुन्या चाकोऱ्या आणि माळ इतके आहेत की तिकडे जायची गरजच पडत नाही.

त्याच खाचराच्या कडेला गाड्या लावून आम्ही तासभर पाने चालवले. खरं परीक्षण इथेच सुरू होतं.

मागच्या सस्पेन्शनला दहा टप्प्यांचं प्रीलोड आहे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवता येतं. गाडी घेतली तेव्हा ते जिथे होतं तिथेच दीड वर्ष होतं. टूलरूमचा माणूस, पण घरच्या गाडीला कधी टेप लावली नाही! मामांनी साइड स्टँडवर गाडी कलती करून मागचं चाक हवेत धरलं. डॉक्टरांनी चाकाच्या अॅक्सलपासून पॅनेलवर चिकटवलेल्या टेपच्या खुणेपर्यंत मोजलं: ५८५. मग मी सगळा साज चढवून सीटवर बसलो, धाकट्याने पुढून हँडल धरलं, पाय फुटपेगवर: ५०९. म्हणजे मी नुसता बसलो की गाडी ७६ मिलिमीटर खाली. एकूण चाल १७०, बसल्यावर तिचा तिसरा हिस्सा खाली जायला हवा, म्हणजे ५७ च्या आसपास. मी बसल्या बसल्याच जवळपास निम्मी चाल खाऊन टाकत होतो, आणि दगडावर मागून ‘ठण्ण’ झालं की दोष सस्पेन्शनला देत होतो. सी-पान्याने तीन टप्पे चढवले, पुन्हा बसलो: ५२५. साठ मिलिमीटर. पुढच्या फोर्कला माझ्या मॉडेलात फिरवण्यासारखं काही नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न तिथेच मिटला. २०२३ च्या प्रो मॉडेलात पुढे-मागे सगळं फिरवता येतं, पण त्याची सीट ८९१ वर आहे.

दुसरं काम लिव्हरचं. क्लच-ब्रेकचे लिव्हर आपण बसून चालवायच्या हिशोबाने लावलेले असतात. उभं राहिलं की मनगट वर मोडतं आणि वीस मिनिटांत कोपरापर्यंत कळ. दोन्ही लिव्हर थोडे खाली वळवले आणि क्लॅम्पचे बोल्ट इतकेच आवळले की हाताने जोर लावला तर क्लॅम्प हँडलवर फिरेल. गाडी पडली तर लिव्हर फिरतो, मोडत नाही. फुटपेगवरचं रबर काढून खिशात टाकलं, खाली दात आहेत, ओल्या बुटाला तेच धरतात. हे सगळं फुकट, आणि दिवसभरात सर्वांत जास्त फरक याचाच पडला. आधी मी दहा मिनिटांनी बसत होतो, त्या दिवशी दुपारपर्यंत उभाच होतो.

प्रीलोड बदललं की चेन पुन्हा बघायची. मी पूर्वी एकदा स्टँडवर उभ्या गाडीची चेन छान ताठ केली होती. माणूस बसून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर गेला की चेन आणखी ताणते, हे डोक्यातच आलं नाही. खड्ड्यागणिक ती करकरायची आणि मी बेअरिंगला शिव्या घालायचो. आता कुणाला तरी बसवून बोटाने ढील बघतो.

आणि मग हवा. डांबरावर येताना पुढे २५ पीएसआय, मागे ३० होती. टायर ट्यूबचे, त्यामुळे फार उतरवता येत नाही. हवा फारच कमी असली की टायर रिमवर घसरतो, ट्यूब फिरते आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. व्हॉल्व्ह वाकडा दिसला की समजायचं, टायर सरकला. म्हणून बेत दोन्हीकडे १८ चा. माझ्याकडे ऑनलाइन मागवलेला पायाने दाबायचा पंप, त्यावरच काटा. काटा १८ वर आणला, खूश झालो.

पहिले तीन किलोमीटर मी हवेत होतो. मोकळा मुरूम, त्यावर वाळलेलं गवत, मध्ये चाकोरी. एरवी चाकोरीच्या काठावर पुढचं चाक चढलं की ते पाय घासत खाली यायचं. आज गाडी काठावरून तिरकी जात होती आणि मला काहीच करावं लागत नव्हतं. मागच्या ब्रेकला माझ्या मॉडेलात एबीएस नाही, त्यामुळे उतारावर मागचं चाक हलकेच लॉक करून शेपूट वळवता येते. ओढा गुडघ्याच्या थोडा खाली होता. सायलेन्सर वर उचललेला असल्याने पाणी त्याच्या आसपासही आलं नाही. डॉक्टरांचे पाय दोन्हीकडे पाण्यात आणि तोंड चालू, ‘अहो, गोटे बघा गोटे!’

ओढ्यातून वर येताना कातळाच्या एका धारेवर पुढचं चाक आपटलं, आणि पन्नास पावलांवर हँडल लोण्यासारखं मऊ. ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन चिरा, सापाने दात मारावेत तशा. म्हणजे हवा कमी पडून ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटली. पण हवा तर १८ होती! डॉक्टरांनी काही न बोलता बॅगेतून पेनसारखं छोटं गेज काढलं आणि माझ्या मागच्या टायरला लावलं. बारा. पंपाचा काटा सहाने खोटं बोलत होता. आठवडाभर दुसऱ्यांच्या गेजांचं कॅलिब्रेशन तपासणारा मी, आणि रविवारी कुठल्याशा पंपाच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवलेला. मामा इतके हसले की त्यांची तंबाखू सांडली.

ट्यूब बदलताना एक लक्षात घ्या, नवी ट्यूब जुन्या चिरेने मरत नाही, आपल्या टायरलिव्हरने मरते. ट्यूबमध्ये दोन फुंका हवा भरायची, म्हणजे ती गोल राहते आणि घडी पडत नाही. मग टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला घ्यायची आणि व्हॉल्व्हपाशी संपवायची. शेवटच्या वीतभर भागात लिव्हर उभा करून जोर लावलात की संपलं. तिथे मामांनी दोन्ही गुडघे टायरवर दाबून कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली आणि उरलेली हाताने बसली. वर भांड्याच्या साबणाचं पाणी. चाळीस मिनिटं गेली. मघाचे काका एव्हाना येऊन उकिडवे बसले होते. ‘पंपाला वाळीत टाका’ म्हणाले. टाकला.

दुपारी अदलाबदल केली. एक ओघळ आहे, वीसेक मीटरचा, पायऱ्यांसारखे दगड. माझ्या गाडीवर तो मी तीनदा चढलो, त्यात दोनदा खालची अॅल्युमिनियमची प्लेट वाजली. प्लेट त्यासाठीच असते, पण आवाज काळजात जातो. किटवाली गाडी त्याच ओघळातून अशी वर गेली, जणू कुणी दगड उचलून ठेवले होते. इथे शंकाच नाही, किट म्हणजे किट.

मग पुढची चढण, त्यात डावीकडे परत फिरणारं वळण. वेग मेला, मी डावा पाय खाली सोडला आणि पाय जमिनीला लागलाच नाही. सावकाश, समारंभाने, मी करवंदीच्या जाळीत गेलो. रात्री बायको सुईने काटे काढत होती आणि विचारत होती, गाडीचं मोठं काम ते हेच का. लिव्हर मात्र फिरला, मोडला नाही. सकाळी मीच धाकट्याचा क्लॅम्प सैल करून दिला होता.

तर माझ्यापुरतं असं ठरलं. तुम्ही ५ फूट १० च्या वर असाल, उभं राहून वेगात जायची सवय असेल, तर किट घ्या किंवा सरळ प्रो बघा. माझ्या उंचीला आणि माझ्या वेगाला स्टँडर्ड गाडीच बरी, पण मोजून लावलेली. सोमवारी हवा मोजायचं साडेचारशे रुपयांचं डायल गेज घेतलं. कंपनीत मास्टर गेजशी ताडून पाहिलं, १८ ला अर्धा पीएसआय जास्त दाखवतं, चालेल. दुसरा खर्च पुढच्या स्प्रॉकेटचा: एक दात कमी करून पाहिला. पहिल्या गिअरला क्लच न दाबता बैलाच्या चालीने गाडी चढते, पण ऑफिसच्या रस्त्यावर इंजिन उगाच ओरडतं, म्हणून मूळचं परत बसवलं. ट्रेलची वेगळी गाडी असेल तर ठेवा. उरलेल्या पैशांत पुढच्या-मागच्या जास्तीच्या ट्यूब, चांगले तीन टायरलिव्हर आणि गुडघ्याचे नवे गार्ड आले. मायलेज त्या दिवशी ३१ पडलं, एरवी ३८ च्या आसपास असतं.

वेल्ह्यात पिठलं-भाकरी खाताना मला राहवलं नाही, धाकट्याच्या गाडीला टेप लावली. चाक हवेत असताना ६४०, तो बसला की ५३८. म्हणजे १०२ मिलिमीटर, जिथे ७३ हवे होते. तीन वर्षं किट बसवून फिरतोय, प्रीलोडला हात लावलेला नाही. ‘मला हे असंच आवडतं’ म्हणाला आणि ठेच्याकडे वळला. काल रात्री साडेनऊला घरी आला, चहा नको म्हणाला, आणि माझा सी-पाना घेऊन गेला.