महाराष्ट्र की गोवा : श्रीमंत कोण?

एकूण राज्य उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यात वर्षभरात झालेल्या उत्पादनाच्या, यादीत महाराष्ट्र देशात पहिला, आणि गोवा पार तळाकडच्या राज्यांत. दरडोई उत्पन्नाची यादी काढली की गोवा सिक्कीमबरोबर वरच्या रांगेत बसतो, महाराष्ट्र बराच खाली. दोन्ही याद्या खऱ्याच. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी, गोव्याची १४.५९ लाख, म्हणजे सुमारे ७७ पट. भागाकार झाला की चित्र फिरणारच.

पण दरडोई आकडाही फसवा. महाराष्ट्राच्या सरासरीत मुंबई आणि गडचिरोली एकाच ताटात वाढलेले असतात. गडचिरोलीतल्या माणसाला ती सरासरी कधी भेटत नाही. गोवा मोजक्याच जिल्ह्यांचा, तिथे एवढी दरी नाही. मात्र छोट्या राज्याला धक्का चटकन बसतो : २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि ट्रकवाल्यांपासून बार्जवाल्यांपर्यंत सगळ्यांचे हात रिकामे झाले.

आणखी एक गंमत. सिंधुदुर्गातल्या बांद्याचा पोरगा सकाळी पत्रादेवीचा सीमानाका ओलांडून गोव्यातल्या कारखान्यात जातो. त्याच्या कामातून तयार झालेला माल गोव्याच्या उत्पादनात धरला जातो, पण लोकसंख्येत तो सिंधुदुर्गाचा. पगार बांद्याच्या बाजारात खर्च होतो. उलट, आखातातल्या गोवेकराने घरी धाडलेले पैसे गोव्याच्या उत्पादनात येतच नाहीत.

कारखाना काढायचा, मोठी बाजारपेठ हवी, तर मी एकूण आकडा बघेन. राहायला जायचं असेल तर दरडोई, आणि तोही जिल्ह्याचा.