ओमेका एस: पेठेतल्या छोट्या संग्रहालयासाठी वापरलं, पाचपैकी साडेचार

कुणाच्या ताब्यात एखादं छोटं स्थानिक संग्रहालय असेल आणि त्यातला ऐवज ऑनलाइन आणायचं डोक्यात असेल तर वेबसाइट करून देणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी ओमेका एस बघा. संग्रहातल्या वस्तूंची माहिती आणि फोटो वेबसाइटवर मांडायचं हे सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात तयार झालंय. पहिलं ओमेका 2008 चं, त्याला आता क्लासिक म्हणतात, आणि एस 2017 मधे आलं. आम्ही एस घेतलं कारण एकाच इन्स्टॉलेशनवर कितीही साइट काढता येतात, उद्या शेजारच्या पेठेतली मंडळी आली तर त्यांचीही सोय होईल.

आमच्याकडे काय आहे तर वाड्यांच्या भाडेपावत्या, लग्नपत्रिका, मेळ्यांचे ग्रुप फोटो, थोडे मोडी कागद आणि सगळ्यात जास्त म्हणजे पानशेतच्या पुराचे फोटो. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांमधे पाणी शिरलं, त्यामुळे जुन्या घरातून कुणीही अल्बम आणला की त्यात पूर असतोच. हे सगळं आधी व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरायचं, फोटो दाबला जाऊन बारीक व्हायचा आणि खाली कुणाचं नाव नाही, गल्ली नाही, काही नाही.

ओमेकात प्रत्येक वस्तूचं स्वतंत्र पान, आणि एका पानाला हव्या तेवढ्या फाइली जोडता येतात. हे मला सगळ्यात आवडलं, कारण आम्ही फोटोची मागची बाजूही स्कॅन करतो. मागेच तर खरा माल असतो हो! स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली नावं, कुठे "डावीकडून तिसरी सुमन". समोरची बाजू, मागची बाजू आणि ज्या आजींनी माहिती सांगितली त्यांचं रेकॉर्डिंग, तिन्ही एकाच पानावर.

माहिती भरायला डब्लिन कोअर नावाची ठरलेली पद्धत आहे, जगभरची कित्येक संग्रहालयं आणि ग्रंथालयं ती वापरतात, पण फॉर्म उघडला की सगळं इंग्लिश दिसतं आणि आमचे निवृत्त कार्यकर्ते तिथेच थांबतात. यावर रिसोर्स टेम्पलेट हा उपाय आहे, त्यात रकान्यांना आपली नावं देता येतात. आम्ही "क्रिएटर" च्या जागी "कोणी काढला / लिहिला" केलं, नको ते रकाने काढले आणि काका लोक धडाधड भरायला लागले. शिवाय एखादीच माहिती झाकून ठेवता येते, म्हणजे फोटो सगळ्यांना दिसेल पण देणाऱ्याचा पत्ता फक्त आपल्याला. लोक घरातली वस्तू विश्वासाने देतात, त्यामुळे माझ्या लेखी ही सोय फार मोलाची.

तारखांचं मात्र नीट ठरवून घ्या. कागदावर शके असतं, फोटोवर "पुरानंतर" एवढंच असतं. आम्ही दोन रकाने ठेवलेत, एकात कागदावर आहे तसंच्या तसं आणि दुसऱ्यात इसवी सन, शकेत 78 मिळवून, आणि जानेवारी ते पाडवा या काळातला कागद असेल तर 79. दुसऱ्या रकान्यासाठी न्यूमेरिक डेटा टाइप्स हे मॉड्यूल (ओमेकाला वरून जोडायचा जादा भाग) टाका, त्यात नुसतं वर्ष किंवा "या वर्षापासून त्या वर्षापर्यंत" असंही चालतं आणि मग क्रम बरोबर लागतो. मॅपिंग मॉड्यूलही घ्या, वाडा पाडून सोसायटी झाली तरी वाड्याची जागा नकाशावर दाखवता येते, आमच्याकडे लोक सगळ्यात जास्त वेळ तिथेच रमतात.

अर्धा तारा कापला तो मराठी सर्चसाठी. जुन्या कागदात "पुणें" असं अनुस्वार देऊन लिहिलेलं असतं, शोधणारा "पुणे" टाकतो आणि कागद हाती लागेलच याची खात्री नाही, म्हणून आजचं स्पेलिंग विषयाच्या रकान्यात हाताने घालावं लागतं. एक्सेलमधून एकदम माहिती चढवायची असेल तर फाइल सीएसव्ही यूटीएफ-8 म्हणूनच सेव्ह करा, साध्या सीएसव्हीत देवनागरीची नुसती प्रश्नचिन्हं होतात.

आणि होस्टिंग. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हरला पैसे लागतातच, त्यावर पीएचपी (ओमेका ज्यावर चालतं ती प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (माहिती साठवायचा डेटाबेस) हवं. आमच्या पहिल्या होस्टिंगवाल्याने सगळं चालेल म्हणून सांगितलं आणि पीएचपीची अपलोड मर्यादा मुळातली 2 एमबीच ठेवली, आमचा एकेक स्कॅन त्याच्या कितीतरी पट मोठा, एकही फोटो चढेना आणि फोन केला की "टिकट टाका", म्हणजे तक्रार ऑनलाइन नोंदवा. घेण्याआधीच मर्यादा वाढवून देणार का ते लेखी विचारा. इमेजमॅजिक हे फोटो लहानमोठे करायचं सॉफ्टवेअर आहे का तेही विचारा, छोटे फोटो आम्ही त्यावरच तयार करतो.

लोकांकडून घरबसल्या फोटो मागवायचे असतील तर कलेक्टिंग मॉड्यूल आहे, फॉर्ममधून आलेलं आपण बघून मंजूर करेपर्यंत बाहेर दिसत नाही. फॉर्ममधे फोटो कुणाच्या घरचा आणि काढला कुणी हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा, फोटो कपाटात असला म्हणून त्याचा हक्क आपला होत नाही. बॅकअप आपोआप होईल असं धरून चालू नका, डेटाबेस आणि फाइल्सचा फोल्डर दोन्ही लागतात, एकच घेतलं तर साइट परत उभी राहत नाही. आम्ही दर महिन्याला दोन हार्डडिस्कवर घेतो, एक संग्रहालयात आणि एक कार्यकर्त्याच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर.