सार्क की बिमस्टेक? बाणावलीतून पाहताना

ऑक्टोबर 2016 मध्ये गोव्यातल्या बाणावलीला ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) परिषद भरली, तेव्हा भारताने शेजारी म्हणून बोलावले बिमस्टेकच्या, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या गटाच्या देशांना; दक्षिण आशियाई देशांच्या सार्कला नाही. महिन्यापूर्वीच काश्मीरमध्ये उरीच्या लष्करी तळावर दहशतवादी हल्ला झाला होता, त्यावरून पाकिस्तानात, इस्लामाबादला व्हायची सार्क परिषद बारगळली होती. पंगत तीच, पाने नव्याने मांडलेली.

सार्क 1985 ची, ढाक्यात जन्मलेली. आठ देश, कार्यालय काठमांडूत. निर्णय एकमतानेच घ्यायचे आणि दोघांमधले भांडण बैठकीत काढायचे नाही, असे सनदच सांगते. म्हणजे ज्यावरून घर अडलंय तेवढं सोडून बोला! 2014 मध्ये काठमांडूला वाहन वाहतुकीचा करार पाकिस्तानने अडवला. त्यानंतर शिखर परिषदच झालेली नाही.

बिमस्टेक 1997 ची. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मालदीव नाहीत. म्यानमार, थायलंड आहेत. कटकट कमी, पण घाईही नाही. सनदेवर सह्या व्हायला 2022 उजाडले.

कामापुरती बिमस्टेक बरी, हे मान्य. पण तिचे तोंड बंगालच्या उपसागराकडे. आम्ही बसलोय अरबी समुद्रावर. कराचीत गोंयकारांची जुनी वस्ती आहे. ते नाते बिमस्टेकच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून माझे मन अजून सार्कपाशी रेंगाळते.

मे 2023 मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री बिलावल भुट्टो याच बाणावलीत आले. आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी लांबूनच नमस्कार केला, त्यांनीही हात जोडले. हस्तांदोलन नाही. फोटो काढून झाला आणि दोघे दोन दिशांना वळले.