पचमढी, चिखलदरा, कोलकाता की मुंबई : सणाच्या सुटीसाठी ब्रिटिशकालीन मुक्कामांची तुलना

विदर्भातील खेड्यातून निघणाऱ्या कुटुंबाला सणाची सुटी आणि प्रवासाची सवड एकाच वेळी सहसा मिळत नाही. दिवाळी येते तेव्हा सोयाबीनची काढणी उरकत आलेली असते, सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून कापसाची वेचणी सुरू झालेली किंवा होऊ घातलेली असते आणि हरभऱ्यासाठी वावर तयार करायचे असते. नाताळाच्या सुमारास गव्हाचे ओलीत चालू असते, तूर पिकण्याच्या बेतात असते आणि वेचणीला मजूर मिळवण्याची ओढाताण संपलेली नसते. त्यामुळे ज्यांना एकदा तरी इंग्रजांच्या काळातील जुन्या बंगल्यात किंवा हॉटेलात मुक्काम करावयाचा आहे, त्यांनी इमारत ठरवण्याच्या आधी दिवस ठरवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा वास्तूची गोडी निवांत राहण्यात आहे. रात्री दहाला पोचून सकाळी आठला निघणाऱ्या माणसाने जुन्या वास्तूचे जादा भाडे भरण्यात काहीच अर्थ नाही.

आपल्या भागातून विचारात घेण्याजोगे पर्याय चार आहेत. पचमढीला साहेबांचे जुने बंगले आज हॉटेल म्हणून चालवले जातात. चिखलदरा आणि मेळघाटात मुख्यतः सरकारी विश्रामगृहे आहेत. कोलकाता आणि मुंबई येथे मात्र मुळातच हॉटेल म्हणून उभारलेल्या भव्य इमारती आहेत. या तिन्ही प्रकारांत जुनेपणाचा अनुभव वेगवेगळा येतो आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमतही वेगळी असते.

पचमढी विदर्भाला परकी नाही. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणारे आणि नागपंचमीला नागद्वारची अवघड वाट चालणारे हजारो यात्रेकरू आपल्याच गावांतून जातात, आणि कित्येक घरांत या गावाचे नाव पचमढी नसून ‘महादेव’ असेच आहे. मात्र त्या यात्रेत गेलेल्या माणसाला तेथील बंगल्यांची वस्ती क्वचितच दिसते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८५७ मध्ये या पठारावर आला, १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढे उन्हाळ्यात प्रांताचा कारभार पचमढीहून चालू लागला. म्हणजे आज ज्या बंगल्यांत आपण भाडे भरून राहतो, ते नागपूरच्या उन्हाला कंटाळलेल्या अधिकाऱ्यांसाठी उभे राहिले, आणि त्या अर्थाने हा आपल्याच प्रदेशाच्या इतिहासाचा भाग आहे. १८६२ मध्ये बांधलेला बायसन लॉज आता संग्रहालय आहे, तर १८७५ चे क्राइस्ट चर्च आजही उभे आहे.

मध्य प्रदेश पर्यटन महामंडळ पचमढीत अनेक निवासस्थाने चालवते, पण ती सगळी जुनी नाहीत. रॉक एंड मॅनर आणि ग्लेन व्ह्यू ही नावे जुन्या वास्तूंसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांतही एकाच आवारात मूळ बंगला आणि नंतर बांधलेल्या खोल्या असे दोन प्रकार असू शकतात. म्हणून आरक्षण करताना ‘जुन्या बंगल्यातील खोली हवी’ असे स्पष्ट सांगून त्या खोलीचा प्रकार पावतीवर लिहून घ्यावा. मूळ बंगल्यातील खोल्यांची छते उंच असतात, व्हरांडे रुंद असतात आणि भिंती जाड असतात. उन्हाळ्यासाठी योजलेली ही रचना डिसेंबरच्या रात्री उलटते, कारण पचमढीत त्या काळात पारा पाच अंशांच्याही खाली जातो आणि उंच छताची खोली लवकर तापत नाही. घरातील आजी-आजोबा सोबत असतील तर हीटर मिळतो का, गरम पाणी दिवसभर असते की ठराविक वेळीच, न्हाणीघर खोलीला लागून आहे का आणि पायऱ्या किती आहेत, हे चार प्रश्न फोनवर विचारून घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया आणि मटकुली या मार्गाने पचमढी साधारण अडीचशे किलोमीटर पडते. मोर्शी-वरुडकडच्या लोकांना पांढुर्ण्यावरून छिंदवाडा गाठणे सोयीचे आहे. रेल्वेने जाणाऱ्यांना थेट गाडी न मिळाल्यास इटारसीला गाडी बदलून पिपरियाला उतरावे लागते आणि तेथून घाट चढावा लागतो. म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन रेल्वेची ही अदलाबदल करण्यापेक्षा भाड्याची गाडी मला अधिक योग्य वाटते, विशेषतः तामियाच्या दऱ्या दिवसाउजेडी पाहता याव्यात म्हणून सकाळी लवकर निघाल्यास. पचमढीत पोचल्यावर मात्र आपली गाडी अनेक ठिकाणी चालत नाही. वनक्षेत्रातील स्थळांसाठी परवाना काढून नोंदणीकृत जिप्सी करावी लागते. हा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा, कारण दिवाळीनंतरच्या आठवड्यात जिप्सींची मागणी मोठी असते आणि सकाळी उशिरा उठणाऱ्या कुटुंबाला थांबावे लागते.

भाऊबीज झाल्यावर निघून तीन रात्री पचमढीत काढणे हा माझ्या दृष्टीने या चार पर्यायांतील सर्वांत चांगला बेत आहे. पावसाळा संपून फार दिवस झालेले नसतात, बी फॉल आणि अप्सरा विहारला पाणी असते, थंडी सोसण्याजोगी असते, आणि मुलांच्या शाळेची सुटी चालू असते. शिवाय माळकरी किंवा शाकाहारी कुटुंबाला जेवणाची अडचण येत नाही, कारण मध्य प्रदेशातील पोळी-भाजी आपल्या जेवणाहून फार दूर नाही.

चिखलदऱ्याचा विचार करताना पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती उंचीची. समुद्रसपाटीपासून चिखलदरा १,११८ मीटर आणि पचमढी १,०६७ मीटर उंच आहे, म्हणजे केवळ हवेसाठी अमरावती जिल्ह्यातील माणसाने सातपुडा ओलांडण्याची गरज नाही. हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये येथे आला, असे नोंदले गेले आहे. त्याआधी २० वर्षे, १५ डिसेंबर १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीच्या फौजेने जवळचाच गाविलगड घेतला होता. १८५३ मध्ये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली गेले आणि त्यानंतर वऱ्हाडातील साहेब मंडळी उन्हाळ्यात येथे येऊ लागली. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती याच पठारावर, आणि तीही त्याच काळाची खूण आहे. गाविलगडाची तटबंदी आणि साहेबांचा बंगला एकाच दिवशी पाहिल्यावर वऱ्हाडची सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हे मुलांना पुस्तकापेक्षा नीट कळते. पचमढीला हा लाभ नाही.

मुक्कामाच्या बाबतीत मात्र चिखलदरा मागे पडते. जुने बंगले बहुतांशी शासनाच्या ताब्यात आहेत, आणि शासकीय विश्रामगृहात सरकारी कामासाठी आलेल्या अधिकाऱ्याला प्राधान्य असते. त्यामुळे सामान्य कुटुंबाला मिळालेली खोली ऐनवेळी रद्द होण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. येथे विदर्भाचे एक खास कारण आडवे येते. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, आणि डिसेंबरात त्या निमित्ताने मंत्री, आमदार आणि अधिकारी विदर्भात असतात. अधिवेशनाच्या काळातील शनिवार-रविवारी चिखलदऱ्याच्या विश्रामगृहावर कुटुंबाचा बेत अवलंबून ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. खाजगी हॉटेले आणि पर्यटन महामंडळाचे निवास उपलब्ध आहेत, पण त्यांत जुन्या वास्तूचा अनुभव शोधू नये.

चिखलदऱ्याहून खाली मेळघाटात वन खात्याची विश्रामगृहे आहेत. सिपना नदीकाठचे कोलकास त्यांत सर्वांना ठाऊक आहे. रुंद ओसरी, समोर जंगल आणि रात्री संपूर्ण काळोख, हे ज्याला हवे असेल त्याने तेथेच जावे. मात्र वीज आणि मोबाइलची रेंज गृहीत धरू नये, औषधे आणि कोरडा शिधा सोबत ठेवावा, आणि वनरस्त्यांवर अंधारानंतर वाहतुकीवर निर्बंध असल्याने परतवाड्याहून दुपारी दोनपूर्वी निघावे. आजारी माणूस किंवा तान्हे बाळ सोबत असेल तर हा पर्याय मी सुचवणार नाही. दिवाळीनंतर मेळघाटातील आठवडी बाजारांत गुरे राखणाऱ्या थाट्या मंडळींचा ढोल-बासरीच्या तालावर नाच होतो. तो पाहावा, पण परवानगीशिवाय त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये, कारण तो त्यांचा सण आहे आणि आपण पाहुणे आहोत.

नाताळ खरोखर नाताळासारखा पाहावयाचा असेल तर मी कोलकात्याचे नाव घेईन. ते दूर वाटते, पण हावडा-मुंबई हा लोहमार्ग बडनेरा, वर्धा आणि नागपुरावरूनच जातो, आणि नागपूरहून हावडा साधारण १८ ते २० तासांत येते. पार्क स्ट्रीटवरील रोषणाई, सेंट पॉल्स कॅथीड्रल, १९०२ मध्ये सुरू झालेले आणि आता न्यू मार्केटमध्ये केक विकणारे नाहूम्स हे यहुदी कुटुंबाचे दुकान आणि बो बॅरॅक्समधील अँग्लो-इंडियन वस्ती यांमुळे तेथील नाताळ हा शहराचाच सण झालेला आहे. (केकमध्ये अंडे असते, हे माळकरी मंडळींनी ध्यानात ठेवावे.) मुक्कामासाठी दोन टोकाचे पर्याय आहेत. ग्रेट ईस्टर्न हॉटेल १८४० च्या सुमारास सुरू झाले, दीर्घकाळ दुरवस्थेत राहिले आणि नूतनीकरणानंतर २०१३ मध्ये पुन्हा उघडले. आता ते पंचतारांकित आहे आणि बाहेरचा देखावा जुना असला तरी खोल्यांतील सोयी नव्या आहेत. सदर स्ट्रीटवरील फेअरलॉन ही १७८३ ची इमारत मानली जाते आणि ती आकाराने लहान, घरासारखी आहे. जुन्या घरात राहण्याची ओढ असणाऱ्याने दुसरा पर्याय घ्यावा, सोयींची खात्री हवी असणाऱ्याने पहिला. दोन्हीकडे नाताळाच्या आठवड्यात दर चढे असतात, आणि येण्याजाण्याचे दोन दिवस धरून सहा दिवसांपेक्षा कमी सवड असेल तर हा बेत धरू नये.

मुंबईचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. ते इंग्रजांच्या राजवटीत उभे राहिले, पण त्याचे धनी जमशेटजी टाटा होते आणि आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा हात होता. त्याच जमशेटजींची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली होती आणि ती विदर्भाच्या कापसावर चालत होती. म्हणून कापूस पिकवणाऱ्या घरातील माणसाने त्या इमारतीत निःसंकोच पाऊल ठेवावे. राहण्याचा सल्ला मात्र मी सरसकट देणार नाही. नाताळात तेथील भाडे एका रात्रीला पाच आकडी असते, आणि खोली घेतलीच तर ती जुन्या पॅलेस भागात आहे की १९७३ मध्ये उभारलेल्या मनोऱ्यात, हे तपासावे लागते. अंबा किंवा विदर्भ एक्सप्रेसने जाऊन दादर-परळच्या साध्या हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे उतरावे आणि ताजच्या सी लाउंजमध्ये एक दुपार चहा घ्यावा, इतके पुरेसे आहे.

पैशांच्या दोन बाबी चारही ठिकाणी लागू होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास जीएसटी ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के लागतो. सणाच्या आठवड्यात वाढलेला दर ही मर्यादा ओलांडतो तेव्हा भाड्याबरोबर करही उडी मारतो, म्हणून ७,४०० आणि ७,८०० रुपयांच्या खोल्यांतील फरक चारशे रुपयांचा नसून दीड हजाराच्या घरात जातो. दुसरी बाब सक्तीच्या मेजवानीची. २४ आणि ३१ डिसेंबरला अनेक मोठी हॉटेले ‘गाला डिनर’चे पैसे प्रत्येक पाहुण्याकडून, तो जेवो न जेवो, वेगळे घेतात, संकेतस्थळावरील दरात ते दिसत नाहीत, तेव्हा मुलांसाठी ते किती आणि शाकाहारी पान वेगळे मिळते का, हे लेखी विचारावे.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. कोलकात्याला २२ डिसेंबरला निघावयाचे असेल तर आरक्षण उघडण्याची तारीख २३ ऑक्टोबरच्या सुमारास, कित्येकदा दिवाळीच्या धामधुमीतच पडते. त्या दिवशी आधी तिकीट काढावे आणि ते पक्के झाल्यावरच खोलीचे पैसे भरावेत. पचमढीसाठी हा क्रम उलटा ठेवावा, कारण गाडी शेवटच्या आठवड्यातही ठरवता येते, पण मूळ बंगल्यातील मोजक्या खोल्या दसऱ्याच्या आधीच संपतात. कापसाचे चुकारे उशिरा येणार असतील तर रद्द केल्यास पैसे परत मिळतील असाच दर घ्यावा, भले तो थोडा जास्त असला तरी.