ऑरोव्हिलमध्ये स्वयंसेवक म्हणून राहताना : काही महिन्यांनंतरचा अनुभव

पुदुच्चेरीला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबे अर्धा दिवस काढून जवळच्या ऑरोव्हिल या आंतरराष्ट्रीय वसाहतीला जातात, दुरून तेथील मातृमंदिर या ध्यानस्थानाचा सोनेरी गोल पाहतात, अगरबत्ती आणि साबण विकत घेतात आणि संध्याकाळी परत समुद्रकिनारी येतात. हा अभिप्राय त्या भेटीविषयी नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत मी तेथील हरितपट्ट्यातील एका जंगलात स्वयंसेवक म्हणून काम केले. ही वसाहत वर्षागणिक किती पुढे जाते, तिच्यात बाहेरून आलेल्या माणसाच्या श्रमाला किती जागा आहे, आणि तेथे राहण्याचा खर्च व गैरसोय सोसण्याजोगी आहे का, एवढेच येथे सांगायचे आहे.

२८ फेब्रुवारी १९६८ रोजी १२४ देशांची माती एका कलशात ठेवून या नगराची स्थापना झाली. फ्रेंच वास्तुविशारद रॉजर आंजे यांनी आखलेल्या वर्तुळाकार नकाशात पन्नास हजार लोकवस्ती गृहीत धरली होती. आज तेथे साडेतीन हजारांच्या आतबाहेर माणसे राहतात. केवळ या आकड्यांवरून निकाल द्यायचा तर प्रगतिपुस्तक कोरेच म्हणावे लागेल. परंतु ज्या पठारावर हे नगर वसले ते स्थापनेच्या वेळी जवळजवळ उघडे होते, तुरळक ताडांखेरीज सावली नव्हती, आणि प्रत्येक पावसात तांबडी माती घळींमधून वाहून समुद्राला मिळत होती. त्याच पठारावर आता सकाळी साडेसहाला कामावर जाताना टॉर्च लागतो, इतकी झाडी दाट आहे. या वसाहतीची वर्षाची कमाई मोजायची असेल तर ती घरांत मोजू नये, मातीत मोजावी, असे माझे मत तेथे राहून झाले.

कामाचे स्वरूप अगदी साधे आहे. समतल रेषेवर बांध घालणे, फुटलेला बांध दुरुस्त करणे, चर खोदणे, रोपांना आळी करून पालापाचोळ्याचे आच्छादन देणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे. सुरुवातीच्या रहिवाशांनी मातीला लवकर सावली मिळावी म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली. हे झाड कोकणात आणि गोव्यात वनखात्याच्या लागवडीमुळे आपल्या चांगल्या ओळखीचे आहे, आणि त्याच्याखाली फारसे काही उगवत नाही हा आपला अनुभवही तेथे लागू पडतो. डिसेंबर २०११ च्या ‘थाने’ चक्रीवादळात ही झाडे मोठ्या संख्येने उन्मळून पडली. त्या मोकळ्या झालेल्या जागी आणि त्याआधीपासूनही हळूहळू मूळचे शुष्क सदाहरित जंगल परत आणण्याचा प्रयत्न चालू आहे. या प्रकारचे जंगल कोरोमंडल किनाऱ्यावर फक्त तुकड्यातुकड्यांनी, प्रामुख्याने देवळांभोवतीच्या राखलेल्या रानांत, म्हणजे आपल्या भाषेत देवरायांत, उरले आहे, आणि बी तिथूनच गोळा करून आणले जाते. रोपवाटिकेत रांजणाची (खिरणीची) रोपे आणि महाबळेश्वरच्या अंजनी या झाडाचा एक भाऊबंद पाहून मला परक्या मुलखात आल्यासारखे वाटले नाही. मात्र ही रोपे फार सावकाश वाढतात. आपण लावलेले झाड आपल्या मुक्कामात गुडघ्याच्या वर जाणार नाही, हे ज्याला मान्य नसेल त्याने दुसरे काम मागावे.

केलेल्या कामाची परीक्षा लवकरच झाली. ३० नोव्हेंबरच्या रात्री ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि शहरात चोवीस तासांत चाळीस सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला. आमच्या भागातील जुने, गवत धरलेले बांध टिकले. नवे, घाईने घातलेले आणि नीट न चोपलेले बांध ठिकठिकाणी फुटले. पुढचे कित्येक आठवडे आम्ही जवळजवळ फक्त डागडुजी केली. जे स्वयंसेवक नोव्हेंबरमध्ये परतले त्यांनी बांध घातले होते, पण पाण्याने त्यांचे काय केले हे त्यांना कधी कळले नाही. दोन-तीन आठवड्यांच्या स्वयंसेवेविषयी माझा मुख्य आक्षेप हाच आहे. बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत तरुणपणी गेलेल्या वाचकांना तेथील थोड्या दिवसांची शिस्त आणि ऊर्जा आठवत असेल. ती छावणी माणसाला घडवण्यासाठी आहे आणि तेवढ्या मुदतीत ते काम होते. ऑरोव्हिलचे काम जमिनीसाठी आहे, त्याला किमान एक पूर्ण ईशान्य मोसमी पाऊस द्यावा लागतो.

खर्चाविषयी गैरसमज असतो, म्हणून स्पष्ट लिहितो. स्वयंसेवकाला मानधन मिळत नाही. निवास आणि जेवण यांचा भार बहुतांश ठिकाणी त्यानेच उचलायचा असतो, आणि हंगामात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, खोल्यांचे दर चढतात. रोख रकमेऐवजी ‘ऑरोकार्ड’मध्ये आधी पैसे भरून व्यवहार करावे लागतात. दुपारचे जेवण मी बहुधा सोलर किचनमध्ये घेत असे. गच्चीवर पंधरा मीटर व्यासाचा सौर वाडगा आहे. त्यावर एकवटलेल्या उन्हाने वाफ तयार होते आणि त्या वाफेवर शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो. ढगाळ दिवसांत बॉयलरचा आधार घेतात. जेवण सात्त्विक आणि पुरेसे असते, तिखटाची अपेक्षा ठेवू नये. सायकल मात्र हवीच, कारण अंतरे वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत आणि पावसात तांबड्या वाटा घसरड्या होतात.

आता थोडे अवघड. आमच्याबरोबर कुइलापाळयम आणि एडयंचावडी या शेजारच्या गावांतून रोजंदारीवर येणारी तमिळ माणसे काम करत. बांध कुठे कमकुवत आहे, कोणत्या ओघळीला पाणी वळवायचे, हे त्यांना नकाशाशिवाय कळे. ज्याला आपण समुदायाची स्वयंसेवा म्हणतो तिचे सातत्य प्रत्यक्षात या मजुरी घेणाऱ्या हातांवर उभे आहे. स्वयंसेवक येतात आणि जातात. वसाहतीविषयीच्या प्रचारसाहित्यात हे जेवढ्या ठळकपणे यायला हवे तेवढे येत नाही. तेथे इंग्रजीवर निभावते, पण मोडकीतोडकी तमिळ बोलू लागल्यावर मला कामातले खरे धडे मिळू लागले.

वसाहतीतील वाद नवागताच्या लगेच कानावर येतो. १९८८ च्या कायद्याने ऑरोव्हिल प्रतिष्ठानात नियामक मंडळ, रहिवाशांची सभा आणि आंतरराष्ट्रीय सल्लागार परिषद अशी तीन अंगे आहेत, आणि नगराच्या आतील वर्तुळाकार ‘क्राउन’ रस्त्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये झाडे तोडली गेल्यापासून पहिल्या दोघांत तेढ आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०२२ मध्ये कामावर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी तो आदेश रद्द केला. निकालाच्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला समाधान होते आणि दुसऱ्या बाजूला कोणी कोणाशी बोलत नव्हते. मूळ आराखडा पूर्ण व्हावा हे नियामक मंडळाचे म्हणणे मला अप्रामाणिक वाटत नाही. तरीही ज्या नगराची सर्वांत भरीव मिळकत जंगल आहे, त्याने ते तोडताना घाई करू नये, या बाजूला मी झुकतो. स्वयंसेवकाने मात्र या भांडणात पंच होऊ नये, तेवढी माहिती त्याच्याजवळ नसते.

जायचे असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला जावे आणि २८ फेब्रुवारीपर्यंत थांबावे. त्या दिवशी पहाटे खुल्या रंगमंचावर अग्नी प्रज्वलित करून वर्धापनदिन साजरा होतो आणि वर्षभरात काय झाले, काय राहिले याची चर्चा त्यानंतरचे काही दिवस सगळीकडे ऐकू येते. एप्रिलपासून उकाडा असह्य होतो. काम निवडताना संस्थेचे नाव पाहू नये, तेथे कायम राहणारा आणि रोज तुमच्याबरोबर मातीत उतरणारा माणूस कोण आहे हे आधी पत्राने विचारावे. पायात बूट, डासांचे औषध आणि दोन जादा मच्छरदाण्या न्याव्यात. एक नक्की कोणीतरी मागून नेते.