ब्रेड बॉक्स : उन्हाळा आणि पावसाळा पाहिल्यानंतर

मार्चअखेरीस ऑनलाइन मागवलेला हा बॉक्स. पत्र्याची पेटी, मागच्या बाजूला बारीक भोकं, पुढे बांबूचं दार. किंमत दोन हजारांच्या आत. आता दिवाळी होऊन गेली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आम्ही अलिबागचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शुक्रवारी शब्बाथसाठी (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ, आमचा विश्रांतीचा दिवस) घरी खल्ला होतो, म्हणजे अंडी-तेल घातलेला, वेणी घालून भाजलेला पाव. दूध-लोणी अजिबात नाही, कारण आमच्यात मांसासोबत दुधाचं काही खात नाहीत आणि जेवणात मटण असलं तरी तो सोबत चालायला हवा. जेवणाआधीच्या बरकतीला, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थनेला, दोन लागतातच, आणि घरातली निम्मी माणसं इस्राएलमधल्या अश्दोदला गेल्यापासून एक जवळजवळ अख्खा उरतो.

एप्रिल-मेमध्ये बॉक्स झकास चालला. पाव पूर्ण गार करून सुती फडक्यात गुंडाळून ठेवला की रविवारच्या नाश्त्यापर्यंत मऊ. स्टीलच्या घट्ट डब्यात तोच पाव शनिवारी घामेजायचा, साल चिकट व्हायची. आतला ओलावा सालीकडे सरकत असतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. ती या भोकांनी मिळते.

जून लागला आणि सगळं उलटलं. त्याच भोकांतून दमट हवा आत. रविवारी बघावं तर वेणीच्या खाचांत हिरवट ठिपके. (वरची बुरशी खरवडून उरलेला पाव खाणारे आमच्याकडेही आहेत. नका खाऊ, तिचे धागे आत पोचलेले असतात.) एकदा तर बुरशीचा पत्ता नव्हता, पण सुरी घातली तर अतिपिकल्या अननसासारखा वास, आणि आतला गर बोटाला चिकटून तार धरणारा. हा जिवाणूंचा उद्योग. त्यांचे बीजाणू ओव्हनमधूनही वाचतात आणि उबदार, दमट हवेत वाढतात. पाव फेकला, पेटी व्हिनेगरने पुसली. तेव्हापासून पावसाळ्यात मैदा मळतानाच चमचाभर व्हिनेगर घालते, चवीला कळत नाही.

फ्रीजमध्ये का नाही ठेवत, असं जो तो विचारतो. तिथे बुरशी लांबते, पण पाव ओट्यावरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. भाजताना फुललेला स्टार्च थंडीत परत कडक बांधला जातो, आणि हे फ्रीजच्या तापमानालाच सर्वांत भरभर होतं. फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांना, ते जवळपास थांबतं. म्हणून पावसाळ्यात दुसरा खल्ला बॉक्समध्ये फक्त शनिवार संध्याकाळपर्यंत. शब्बाथ सुटला की काप करून, पिशवीतली हवा दाबून काढून, थेट फ्रीजरला. लागतील तेवढे काप गोठलेलेच मंद तव्यावर झाकण ठेवून गरम करते. ताज्याच्या अगदी जवळ जातात.

नानकटाई, खारी या बॉक्समध्ये कुठल्याच महिन्यात ठेवू नका. पावाचा ओलावा ओढून सादळतात. त्यांना रबराच्या रिंगचा घट्ट डबाच हवा.

बांधणीबद्दल बोलायचं तर पेटीचा रंग अजून शाबूत आहे. बांबूच्या दाराला जुलैत आतून काळे डाग पडले, ते लिंबू-मिठाने घासून बरेचसे गेले. बिजागऱ्यांना मात्र खाऱ्या हवेने गंज धरला आणि दार आता कुरकुरत उघडतं. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘बॉक्स कोरड्या जागी ठेवावा.’ श्रावणात अलिबागमध्ये ती जागा कुठे, असं उलट विचारलंय. उत्तर यायचं आहे.